देवाच्या नावावर मतदान झालं तेव्हा

प्रश्न – मॅडम, २६ जानेवारीला आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने मूळ घटनेतलं राम-सीता-लक्ष्मणाचं चित्र टाकलं आणि खाली लिहिलं, 'घटनाकारांच्या मनात रामराज्यच होतं.' दुसऱ्याने लगेच नेहरूंचं नाव घेऊन ठणकावलं, 'ते सगळे नास्तिक होते, म्हणून तर घटनेत देव नाही!' मग जुंपली. शेवटी सेक्रेटरींनी ग्रुपवर लिहायलाच बंदी घातली. खरं काय? घटनाकार देव मानत होते की नव्हते? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर – कोणते घटनाकार, ते आधी सांगा. संविधान सभेचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद पक्के सनातनी वळणाचे. राष्ट्रपती झाल्यावर मे १९५१ मध्ये नेहरूंची नाराजी पत्करून ते सोमनाथला प्राणप्रतिष्ठेसाठी गेले. नेहरूंनी १९५४ च्या मृत्युपत्रात लिहून ठेवलं की माझ्यासाठी कसलेही धार्मिक विधी नकोत. मूठभर रक्षा गंगेत सोडा, पण त्यात धार्मिक हेतू नाही. मौलाना आझाद कुराणाचे भाष्यकार. जेरोम डिसूझा तर जेझुइट पाद्री. आणि बाबासाहेब? १९३५ मध्ये येवल्यात 'हिंदू म्हणून मरणार नाही' असं जाहीर करून झालेलं, नागपूरची दीक्षा अजून व्हायची होती. पुढे १९५४ मध्ये आकाशवाणीवर त्यांनी सांगितलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं मी माझे गुरू बुद्ध यांच्याकडून घेतली. या सगळ्यांना एकाच खुंटीला टांगून 'ते आस्तिक' किंवा 'ते नास्तिक' म्हणणं म्हणजे न वाचता पेपर तपासणं झालं. मी चांगली तीस-एक वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. दोन्ही मतांची उत्तरं लिहिणारी मुलं दर बॅचला भेटायची, आणि गंमत म्हणजे दोघांचाही आत्मविश्वास सारखाच!

तुमच्या ग्रुपवर जो वाद झाला, तोच प्रत्यक्ष संविधान सभेत झाला होता. तारीख १७ ऑक्टोबर १९४९. उद्देशिकेवर, म्हणजे घटनेच्या सुरुवातीच्या प्रास्ताविकावर, चर्चा चालू होती. हरी विष्णू कामत उठले. हे मध्य प्रांत-वऱ्हाडातून निवडून आलेले सदस्य, आयसीएसची, म्हणजे इंग्रज सरकारची बडी सनदी नोकरी सोडून सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉक पक्षात गेलेले. म्हणजे जपमाळ ओढत बसणारा माणूस नव्हे. त्यांची सूचना अशी, की 'आम्ही भारताचे लोक' याच्या आधी 'ईश्वराच्या नावाने' हे शब्द घालावेत.

पुढे जे झालं ते मला फार आवडतं, कारण पुस्तकी वाटावं असं त्यात काहीच नाही. आसामचे रोहिणीकुमार चौधरी उठून म्हणाले, ईश्वर कशाला, देवीच्या नावाने म्हणा की! ते कामरूपचे, कामाख्येच्या मुलखातले. आमची देवी आहे, असा त्यांचा रोख. मदनमोहन मालवीयांचे चिरंजीव गोविंद मालवीय यांचा मसुदा आणखी वेगळा. त्यात परमेश्वराची कृपा होतीच, वर जगातले वेगवेगळे लोक त्याला वेगवेगळ्या नावांनी हाक मारतात याचीही नोंद होती. शिब्बनलाल सक्सेनांना देवासोबत गांधीजींचंही नाव हवं होतं. म्हणजे देव हवा म्हणणाऱ्यांचंही एकमत नव्हतं. तुमच्या ग्रुपवरच्या पहिल्या गटाला हे जरूर सांगा.

आता विरोध कुणी केला ते पाहा. त्रावणकोरचे पट्टम थाणू पिल्लै स्वतः श्रद्धाळू. त्यांचा मुद्दा असा, की एखाद्याला देव मानायचा की नाही हा हक्क हीच घटना देते, मग हे शब्द घालणं म्हणजे श्रद्धेची सक्ती नाही का? पूर्णिमा बॅनर्जींनी कामतांना विनवलं, देवावर मत द्यायच्या संकटात आम्हाला टाकू नका. हृदयनाथ कुंझरू बोलले ते सर्वांत कडक. कुंझरू हे गोखल्यांनी पुण्यात काढलेल्या भारत सेवक समाजाचे. सगळ्यांत आतल्या, पवित्र भावनेचा विषय असा चर्चेच्या आखाड्यात आणला याचं त्यांना वाईट वाटत होतं. बहुसंख्यांची भावना एकावरही लादू नये, आणि देवाचं नाव घेताना आपण संकुचित वृत्ती दाखवतो आहोत, असं त्यांनी तोंडावर सुनावलं. यात कुणीही 'देव नाही' म्हणत नाहीये, हे लक्षात आलं ना? दुसऱ्या गटासाठी हा निरोप.

कामत हटले नाहीत, मतविभागणीच मागितली. हात वर झाले. बाजूने ४१, विरोधात ६८. सभेची सदस्यसंख्या याच्या दुपटीहून जास्त होती, तेव्हा उरलेल्यांचं काय मत होतं हे या आकड्यांवरून कळत नाही. कामत उद्गारले, आपल्या इतिहासातला हा काळा दिवस आहे, देव भारताचं रक्षण करो!

तर माझं म्हणणं एवढंच, की या माणसांची श्रद्धा शोधून घटनेचा अर्थ लागत नाही. ६८ हातांत पूजेला बसणारे हातही असणार; त्यांनी मत आपल्या देवाविरुद्ध दिलं नव्हतं, सगळ्यांच्या वतीने तो लिहायला नकार दिला होता.

चित्राचं लवकर उरकते. नंदलाल बोस आणि त्यांच्या शांतिनिकेतनच्या चमूने प्रत्येक भागाच्या सुरुवातीला भारताच्या इतिहासातलं एकेक दृश्य काढलं. मूलभूत हक्कांच्या भागावर रामायण आहे हे खरंच. पण मोहेंजोदडोचा बैल, बुद्ध, महावीर, अकबर, शिवाजी महाराज, गुरू गोविंदसिंग, टिपू सुलतान, झाशीची राणी हेही त्याच प्रतीत आहेत. सदस्यांनी चर्चा केली, मतं दिली ती कलमांवर. ग्रुपवर चित्र टाकायचंच तर सगळी पानं टाका, एकच निवडून नको.

प्रश्न – याच वाचकाचा पुरवणी प्रश्न : मग मंत्री 'ईश्वरसाक्ष' शपथ घेतात ते कसं? आणि 'धर्मनिरपेक्ष' शब्द तर घटनेत आहे ना?

उत्तर – शपथेत दोन पर्याय छापलेले आहेत. ईश्वरसाक्ष शपथ घ्या, नाहीतर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करा. ज्याची त्याची मर्जी. तिथे एकटा माणूस स्वतःपुरतं बोलतो, म्हणून कुंझरूंचा आक्षेप त्याला लागू पडत नाही.

'धर्मनिरपेक्ष' हा शब्द उद्देशिकेत आला १९७६ मध्ये, ४२व्या घटनादुरुस्तीने. त्यामुळे १९४९ च्या माणसांच्या तोंडी तो घालू नका. मात्र तो शब्द तेव्हा कुणाला सुचलाच नव्हता असंही नाही. मुंबईचे अर्थतज्ज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी १५ नोव्हेंबर १९४८ ला पहिल्याच कलमात 'धर्मनिरपेक्ष, संघराज्यात्मक, समाजवादी' असे शब्द घालायची सूचना मांडली होती. बाबासाहेबांनी विरोध केला, तो मुख्यतः 'समाजवादी'वर: समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे पुढच्या पिढ्यांनी ठरवायचं, घटनेत बांधून ठेवायचं नाही. शहांची सूचना पडली. अकरा महिन्यांनी त्याच सभेत कामतांचीही पडली.