शिक्षक दिनाला बाईंना पुस्तकांशी संबंधित काय भेट द्यावी?

मुलगी मराठी माध्यमात दुसरीला, ५ सप्टेंबर जवळ आलाय, बजेट हजारभर आणि मुलांच्या वाचनाला उपयोग व्हावा, असं तुम्ही विचारलंय. सुविचारांचे बुकमार्क, पुस्तकांची चित्रं असलेले मग, ‘बेस्ट टीचर’ची फ्रेम हे सगळं आधी बाद करा. मी ठाण्यात वागळे इस्टेटजवळच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. असल्या वस्तूंनी माझं अख्खं खोकं भरलंय, त्यातून एकाही पोराला एक ओळ वाचता आलेली नाही.

मुलांचीच पुस्तकं द्या. पातळ, चित्रांची, मोठ्या टायपातली. ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्ट यांची बघा. प्रथमच्या पुस्तकांवर वाचनपातळी छापलेली असते. पहिली आणि दुसरी पातळी घ्या. दुसरीच्या वर्गातही काना-मात्रेला अडणारी मुलं असतात, आणि पुस्तकाची खरी गरज त्यांनाच असते.

आमच्याकडे काही वर्षांपूर्वी पालकांनी वर्गणी काढून अशीच पुस्तकं दिली. रिक्षा चालवणारे, घरकाम करणाऱ्या, सगळ्यांनी पैसे घातले होते. मी वर्गात सुतळी बांधली आणि मुलांचा हात पोचेल अशा उंचीवर कपड्यांच्या चिमट्यांनी पुस्तकं टांगली. आमच्या तेव्हाच्या मुख्याध्यापिका आल्या आणि म्हणाल्या, “डेडस्टॉकला नोंद केलीत का? फाटली तर भरून कोण देणार?” डेडस्टॉक म्हणजे शाळेच्या वस्तूंची नोंदवही. पुस्तकं गेली ऑफिसच्या कपाटात. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाला बाहेर काढली, फोटो झाला, परत कुलूप. शिक्षण हक्क कायद्यात २००९ पासून प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवं, त्यात गोष्टींची पुस्तकंही हवीत, असं स्पष्ट लिहिलंय. कुलपाचं कलम कुठे आहे ते मला कोणी दाखवावं.

मी विषय शाळा व्यवस्थापन समितीत नेला. एक आई उभी राहून म्हणाली, “आम्ही दिलीत ना, मग फाटू देत.” पुस्तकं वर्गात परत आली.

त्या वर्गात एक मुलगा कधी तोंड उघडायचा नाही. म्हशीच्या गोष्टीचं पुस्तक घेऊन तो रोज खिडकीखाली बसायचा. ओळीखाली बोट ठेवून “रस… ता… वर” असं वाचायचा, थांबायचा, चित्रात रस्त्यात बसलेली म्हैस बघायचा आणि मग एकदम म्हणायचा, “रस्त्यावर!” जोडाक्षर फळ्यावर महिनाभर गिरवून जे होत नव्हतं ते तिथे झालं, कारण पुढे काय होतं ते त्याला हवं होतं. वर्ष संपेपर्यंत त्या पुस्तकाच्या पिना निघाल्या, पाठीला चिकटपट्टी लागली. मी ते तसंच नेऊन मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवलं. फाटलेलं पुस्तक म्हणजे वाचलेलं पुस्तक, हे मी तेव्हाही म्हटलं होतं, आजही म्हणते.

म्हणून प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहा: ‘दुसरीच्या वर्गासाठी. फाटल्यास भरपाई नको.’ हेच लिहिलेलं पत्र मुख्याध्यापकांनाही द्या आणि त्यावर पोच घ्या. मुलीचं नाव घालू नका, नाहीतर पुस्तकं तिची होतात. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घेतल्या तर दोघं मिळून वाचतात. सुतळी, चिमटे आणि रुंद पारदर्शक चिकटपट्टी जांभळी नाक्यावरून घ्या.

काही शाळांत भेटी घ्यायला बंदी असते, तेव्हा आधी विचारा. वर्गाला दिलेली पुस्तकं बहुतेक चालतात. बाईंना स्वतःला वाचनाची आवड असेल तर त्यांच्यासाठी वेगळं पुस्तक जरूर घ्या, पण ते या हजारातून नको. आणि पैसे कमी पडले तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीवर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, छापायलाही परवानगी आहे. नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रिंट काढा आणि मधोमध पिना मारा.