ओव्हनमध्ये ठिणगी पडते, पण गॅस धरत नाही. काय बघू?

बडोद्याच्या नव्या घरात पाइपचा गॅस आहे आणि ओव्हन जुना, सिलेंडरवर चालणारा, असं तुम्ही लिहिलंय. मग आधी जेटवरच, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या भोकाच्या छोट्या तोटीवरच, संशय घ्या. सिलेंडरच्या जेटचं भोक बारीक असतं, पाइपच्या गॅसला मोठं लागतं. शेगडीचे जेट बदलले जातात, ओव्हनचा राहून जातो. मेकॅनिककडूनच बदला, सुईनं भोक मोठं करायचा उद्योग नको.

पेटून नॉब सोडताच विझला, तर थर्मोकपल. ज्योतीत टोक असलेली ती धातूची कांडी; ती तापली तरच गॅस चालू राहतो. ओव्हन गार असताना काजळी पुसा. पेटल्यावरही नॉब दहा-पंधरा सेकंद दाबून धरा.

पेटवताना दार उघडंच हवं. नाही पेटला तर नॉब बंद करून वास जाईपर्यंत थांबा, लगेच पुन्हा ठिणगी नको.