ऑक्टाव्हिया आरएसला ४ बारचा बूस्ट सेन्सर बसवला, आता स्कॅनर कमी दाब का दाखवतो?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: पुण्यात जुनी १.८ टर्बो ऑक्टाव्हिया आरएस आहे, टर्बो बदलून के०४ हा मोठा टर्बो घातला, रिमॅप केलं (म्हणजे इसीयूची, इंजिनच्या संगणकाची, फाइल बदलली) आणि त्यासोबत बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, मोजणाऱ्या मूळ २.५ बारच्या सेन्सरच्या जागी ४ बारचा लावला. तेव्हापासून चेक इंजिनचा दिवा लागतो. इग्निशन ऑन, इंजिन बंद असताना स्कॅनरच्या ब्लॉक ११५ मध्ये, जिथे बूस्टचे आकडे दिसतात, प्रत्यक्ष दाब ५३० मिलिबार दिसतो. फुल थ्रॉटलला डॅशवरचा साधा मेकॅनिकल गेज १.६ बारपर्यंत जातो, स्कॅनर मात्र १५०० मिलिबारच्या आसपासच. सेन्सर खराब निघाला का, असं तुम्ही विचारलंय.

सेन्सर बहुतेक उत्तम आहे. पण आधी एक विनंती: हे निस्तरेपर्यंत गाडी जोरात पळवू नका.

५३० हा आकडा वाचल्यावर मी लगेच कागद घेतला. तुम्ही डेटाशीटमधून दिलंय की नवा सेन्सर ५० किलोपास्कलला ०.५ व्होल्ट आणि ४०० किलोपास्कलला ४.५ व्होल्ट देतो. म्हणजे दर व्होल्टमागे ८७.५ किलोपास्कल, अधिक ६.२५. पुण्यातला हवेचा दाब ९५ किलोपास्कल धरला तर सेन्सरमधून १.०१ व्होल्ट बाहेर पडणार. मूळ सेन्सर २० किलोपास्कलला ०.४ आणि २५० ला ४.६५ व्होल्ट देणारा, म्हणजे दर व्होल्टमागे ५४.१२, वजा १.६५. आता नव्या सेन्सरचे १.०१ व्होल्ट जुन्या हिशेबात टाका. उत्तर ५३ किलोपास्कल, म्हणजेच तुमचे ५३० मिलिबार. वरच्या टोकालाही तेच. गेजवर १.६ म्हणजे पुण्यात निरपेक्ष दाब (बाहेरच्या हवेचा ०.९५ बार धरून) २.५५ बार, नव्या सेन्सरचे २.८४ व्होल्ट, आणि जुन्या हिशेबात १५२० मिलिबार. दोन्ही टोकं जुळली. सेन्सर खरं बोलतोय, पण इसीयू अजून जुन्याच सेन्सरच्या भाषेत ऐकतोय. रिमॅपमध्ये सेन्सरचे आकडे बदलायचे राहून गेलेत.

मी जोरात पळवू नका म्हणालो ते याचसाठी. इसीयूला वाटतं बूस्ट कमी पडतोय, म्हणून तो बूस्ट सांभाळणाऱ्या एन७५ व्हॉल्व्हला आणखी उघडायला सांगतो, वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारं दार) बंद राहतं आणि टर्बो ढकलतच राहतो. १.६ हा तुम्ही ठरवलेला बूस्ट नाही, लगाम सुटल्यावर पोचलेला आहे. तुमच्या इंजिनात इंधनाचा हिशेब हवा मोजणाऱ्या मीटरवरून होतो, त्यामुळे मिश्रण लगेच पातळ होत नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. पण इंजेक्टरची क्षमता संपेपर्यंतच. ज्या गाड्यांत इंधनच मॅनिफोल्डच्या दाबावर ठरतं, तिथे ही चूक पिस्टनपर्यंत पोचायला एक खेच पुरते.

आता दुरुस्ती. तुमचा इसीयू बॉशच्या एमई७ कुटुंबातला आहे. त्याच्या फाइलमध्ये या सेन्सरसाठी दोन संख्या असतात: उतारासाठी डीएसएलग्रॅड आणि सुरुवातीच्या फरकासाठी डीएसएलओएफएस. जुने साधारण ५४१ मिलिबार प्रतिव्होल्ट आणि उणे १६.५ असतील. नवे ८७५ आणि अधिक ६२.५ हवेत. उणे चिन्हाचं अधिक होतंय, तिकडे लक्ष ठेवा. फाइल बदलली की चेकसम (फाइल शाबूत आहे का ते तपासणारी बेरीज) दुरुस्त करूनच ती परत लिहायची. तुमच्या ट्यूनरला या दोन नावांनी विचारा. त्याला ती ठाऊक नसतील, तर फाइल दुसऱ्याकडे न्या.

एक गोष्ट मात्र सेन्सर विकणारे सहसा सांगत नाहीत. एमई७ मध्ये दाब ज्या रूपात साठवला जातो, त्याची कमाल मर्यादाच २५६० मिलिबार आहे. म्हणजे ४ बारचा सेन्सर लावून, वरचे दोन आकडे बरोबर टाकूनही इसीयूला २५६० च्या वरचं काही दिसत नाही. त्यापलीकडे जायचं तर सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या दाबांची पट्टी निम्मी करून मर्यादा ५१२० वर न्यावी लागते, आणि ते काम दोन संख्या बदलण्याइतकं सोपं नाही. मग तुम्हाला या सेन्सरची गरज होती का? पुण्यात जुना सेन्सर १.५५ बार बूस्टपर्यंत पाहू शकतो, मुंबईत समुद्रकाठी १.४९ पर्यंत. के०४ वर १.३ किंवा १.४ बार धरून चालणार असाल, तर जुनाच पुरेल. माझं प्रामाणिक मत: मूळ सेन्सर जपून ठेवला असेल, तर फाइल दुरुस्त होईपर्यंत तोच परत लावा. पाच मिनिटांचं काम आहे आणि तेवढ्यात गाडी सुरक्षित होते.

बसवण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ओ-रिंग नवी घ्या, तिला इंजिन ऑइलचं बोट फिरवा, सिलिकॉन सीलंट अजिबात नको, कारण त्याचा तुकडा तुटून भोकात बसतो. प्लगची पिनांची मांडणी डेटाशीटशी ताडून बघा, प्लग बसतो म्हणजे पिनाही जुळतात असं नाही. सेन्सरचं ग्राउंड इसीयूकडूनच आलेलं असावं, बॉडीला जोडू नका. आणि प्लगपाशी ५ व्होल्ट खरोखर ५ आहेत का, ते मल्टिमीटरने मोजा. हे सेन्सर मिळालेल्या व्होल्टेजच्या प्रमाणात उत्तर देतात.

कॅलिब्रेशनबद्दल मात्र मला मनापासून बोलायचंय. मी नोकरीत प्रेशर ट्रान्समीटर तपासतो, झिरो आणि स्पॅन (सुरुवातीचा बिंदू आणि पूर्ण पल्ला) जुळवणं हे माझं रोजचं काम आहे, आणि तरीही स्वतःच्या गाडीवर मी चुकलो. माझीही हीच गाडी. नवा सेन्सर लावल्यावर इंजिन बंद असताना ९५० दिसलं. मी मोबाइलवर हवामानाचं ॲप उघडलं, त्यात पुण्याचा दाब १०११. मला वाटलं सेन्सर ६० ने कमी दाखवतोय, म्हणून फरकाचा आकडा ६० ने वाढवला. ॲपमधला दाब हा समुद्रसपाटीला आणलेला असतो, सगळ्या गावांची तुलना करता यावी म्हणून. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, इथला खरा दाब ऋतूप्रमाणे ९४५ ते ९५५ च्या आसपास असतो. मी बरोबर असलेला सेन्सर चुकीचा करून ठेवला होता. पुढचा महिनाभर गाडी मंद वाटायची, कारण इसीयू खऱ्यापेक्षा ६० मिलिबार जास्त वाचून तेवढा बूस्ट कमी देत होता. मी होस बदलले, इंटरकूलरच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधले. उत्तर डोळ्यासमोर होतं. इसीयूच्या आत बाहेरच्या हवेचा दाब मोजणारा वेगळा सेन्सर आहे, तो ९५० सांगत होता आणि शेजारी बूस्ट सेन्सर १०१०. बंद इंजिनात हे दोन्ही एकाच हवेत असतात, त्यांच्यात इतका फरक राहूच शकत नाही.

म्हणून पडताळणी तिथूनच सुरू करा: इंजिन बंद, इग्निशन ऑन, दोन्ही आकडे शेजारी ठेवा, १० ते १५ मिलिबारच्या आत जुळले पाहिजेत. तिसरा साक्षीदार हवा असेल, तर ज्या फोनमध्ये बॅरोमीटर असतो त्याचं थेट सेन्सर रीडिंग घ्या, हवामानाचा आकडा नको.

पण एका बिंदूवर जुळलं म्हणजे उतार बरोबर आहे असं होत नाही. दुसरा बिंदू मी घरच्या बीपीच्या यंत्रावर काढतो, हाताने फुगवायचं, काट्याच्या तबकडीचं. कफ काढायचा, फुग्याची नळी, तबकडीची नळी आणि सेन्सरच्या नाकाला घट्ट बसणारी नळी, या तिन्ही एका टी-जोडावर आणायच्या. सेन्सर पाइपमधून काढलेला, प्लग जोडलेला, आणि मागून सिग्नलच्या तारेला बारीक पिन टेकवून मल्टिमीटर. फुगा अगदी अलगद दाबा, कफ नसल्यामुळे एका दाबातच काटा उडतो. ३०० मिलिमीटर म्हणजे बरोबर ४० किलोपास्कल. तुमच्या सेन्सरचे व्होल्ट १.०१ वरून १.४७ वर गेले पाहिजेत. काटा तिथे दहा सेकंद स्थिर राहिला, तरच आकडा लिहा. खाली सरकत असेल तर नळी गळतेय, सेन्सरला दोष देऊ नका. वरच्या टोकासाठी टायरचा गेजवाला पायपंप: ३० पीएसआयला ३.३८ व्होल्टच्या आसपास. पंपाचे गेज तितके काटेकोर नसतात, म्हणून त्याच्यावरून आकडे बदलू नका, फक्त मोठी चूक नाही ना एवढं बघा.

विम्याचंही पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे असे बदल अडचणीचे ठरू शकतात, आणि बूस्टच्या चाचण्या डायनोवर (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणारं यंत्र) किंवा ट्रॅकवरच करा, रस्त्यावर नको.

फाइल बदलून झाली की एका सकाळी सिंहगडावर जा, सावकाश. खाली निघताना आणि वर पार्किंगमध्ये इंजिन बंद करून दोन्ही आकडे लिहून घ्या. वर साधारण ८७० दिसायला हवेत, आणि खालीवर दोन्हीकडे बूस्ट सेन्सर व बाहेरच्या हवेचा सेन्सर यांच्यातला फरक तेवढाच राहायला हवा. वर गेल्यावर तो फरक बदलला, तर उतार अजून चुकलेला आहे. तेव्हा ते चारही आकडे मला इथे कळवा, मी हिशेब करून सांगेन.