३५व्या आठवड्यात फुप्फुसाचं स्टिरॉइड इंजेक्शन घ्यावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की ३५वा आठवडा चालू आहे, बीपी वाढलंय, शुगर बॉर्डरला आहे, डॉक्टर म्हणाले फुप्फुसाची दोन इंजेक्शनं घेऊन टाका आणि सासूबाई म्हणतात स्टिरॉइड म्हणजे जिममधली पोरं घेतात तसलं, पोटात बाळ असताना कशाला. मी कोल्हापुरात लेबर रूमला सिस्टर आहे, डॉक्टर नाही, पण ही इंजेक्शनं कायमच द्यावी लागतात म्हणून सांगते.

आधी सासूबाईंचं. आपल्याकडं तालीम, जिम सगळं जोरात, त्यामुळं हा प्रश्न आमच्या वॉर्डात प्रत्येक घरातनं येतो. दंड फुगवायला घेतात ते वेगळं आणि हे वेगळं. हे बीटामेथासोन नायतर डेक्सामेथासोन, आपल्या अंगात कॉर्टिसॉल तयार होतं त्या जातीचं. आईच्या मांडीत नाहीतर कमरेत देतात, ते वारेतनं बाळाकडं जातं, आणि बाळाच्या फुप्फुसात सरफॅक्टंट नावाचा साबणाच्या फेसासारखा पदार्थ असतो तो लवकर तयार व्हायला लागतो. तो नसला की श्वास सोडल्यावर फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या चिकटून बसतात, मग बाळ कण्हतं, बरगड्या आत ओढल्या जातात आणि काचेत ठेवायची पाळी येते.

आता ३४ आठवड्यांच्या आत डिलिव्हरी होणार असेल तर यात वाद घालण्यासारखं काही राहिलेलं नाही. न्यूझीलंडच्या लिगिन्स या डॉक्टरांनी आधी मेंढीच्या कोकरांवर हे बघितलं आणि मग होवी यांच्याबरोबर १९७२ साली बायकांवरचा अभ्यास छापला, तेव्हापासून चालू आहे. लांबचं कशाला, २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेचा मोठा अभ्यास आला त्यात आपलं शेजारचं बेळगावही होतं, त्यात बाळं दगावण्याचं प्रमाण साधारण शंभरात २३-२४ होतं ते १९-२० वर आलं. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोकाही या इंजेक्शनानं कमी होतो.

पण तुमचा ३५वा आहे आणि इथं हिशोब बदलतो. ३४ ते ३६ आठवड्यांत फायदा आहे पण लहान. २०१६ चा अमेरिकेतला अभ्यास बघितला तर श्वासाला आधार द्यावा लागणारी बाळं शंभरात १४ च्या आसपास होती ती ११-१२ झाली, आणि दुसऱ्या बाजूला जन्मल्यावर शुगर कमी होणारी बाळं १५ ची २४ झाली. म्हणून अशा बाळाच्या टाचेतनं थेंबभर रक्त काढून शुगर बघत राहावी लागते आणि पहिल्या तासाभरात अंगावर पाजायला घ्यावंच लागतं. घरचे म्हणतात एवढंसं लेकरू, किती टोचताय, पण ते टोचणं चुकवू नका.

तुमची शुगर बॉर्डरला आहे हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. इंजेक्शननंतर काही दिवस आईची शुगर चांगलीच चढते, आधीपासूनचा डायबेटिस असलेल्या बायका तर त्या अमेरिकेतल्या अभ्यासात घेतल्याच नव्हत्या. तेव्हा घेणार असाल तर शुगर कोण तपासणार, किती वेळा, हे आधीच ठरवून घ्या. बाकी झोप न येणं, तोंड लाल होणं, हे दोन दिवसांचं. पाणी जात असेल आणि ताप किंवा घाण वास असेल तर मात्र लपवू नका, इन्फेक्शन असताना सगळंच वेगळं होतं.

डॉक्टरांना खरं विचारायचं ते असं, की डिलिव्हरी या सात दिवसांत होणारच आहे का? कारण याचा खरा उपयोग पहिल्या डोसनंतर २४ तासांपासून आठवडाभरात डिलिव्हरी झाली तरच. "असू दे, सेफ्टीला" म्हणून घेतलं आणि बाळ पूर्ण दिवसांनी आलं तर फायदा काही नाही, आणि फिनलंडच्या २०२० च्या मोठ्या नोंदींमध्ये अशाच पूर्ण दिवसांच्या मुलांमध्ये पुढं वागणुकीचे, मनाचे त्रास थोडे जास्त दिसले. इंजेक्शनामुळंच झालं असं त्यातनं सिद्ध होत नाही, आणि त्या अमेरिकेतल्या मुलांना सहा वर्षांनंतर तपासलं तेव्हा फरक दिसला नाही, पण उगीच घेऊ नये एवढं त्यातनं नक्की कळतं. परत परत कोर्स घेणं तर नकोच, त्यानं बाळाचं वजन मार खातं.

मुहूर्त काढून ३७-३८ व्या आठवड्यात सिझर करायचं आणि त्यासाठी हे इंजेक्शन मागायचं, असलेही लोक येतात. त्यांना मी सरळ सांगते, ३९ पर्यंत थांबा, मुहूर्त पुढचा काढा. तुमचं तसं नाही, बीपीमुळं थांबता येत नसेल तर डॉक्टरांचं म्हणणं मला तरी बरोबर वाटतं. आणि सासूबाई "आठव्यातलं राहत नाही, सातव्यातलं राहतं" म्हणाल्या तर ऐकून सोडून द्या, जेवढे आठवडे जास्त तेवढं बाळ मजबूत.

इंजेक्शननंतर दोन-तीन दिवस बाळाची हालचाल थोडी मंदावू शकते, पण ते इंजेक्शनामुळंच असेल असं घरी बसून ठरवू नका, दवाखान्यात जाऊन ठोके बघून घ्या. आणि बीपीचं म्हणाल तर डोकं जाम दुखायला लागलं, डोळ्यासमोर चमकायला लागलं किंवा छातीच्या खाली पोटात दुखलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रिक्षा बघा आणि निघा, इथं उत्तराची वाट बघू नका.