स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) धाटणीची गिटार स्वतः बांधतोय, जुन्या पद्धतीचे ट्यूनर (तारा ताणायच्या खुंट्या) कोणते घेऊ?

ब्रँड नंतर, आधी हेडस्टॉकची, म्हणजे मानेच्या टोकाला ट्यूनर बसतात त्या भागाची, भोकं मोजा. जुन्या क्लूसन (ट्यूनरचा एक ब्रँड) पद्धतीच्या ट्यूनरचं बुशिंग, म्हणजे खुंटीभोवतीची धातूची कडी, दाबून बसवतात, त्याला साधारण ८.७ मिमीचं भोक लागतं. वरून नट आवळून बसवायच्या आधुनिक ट्यूनरना १० मिमी. भोकं १० ची पाडून झाली असतील तर त्यात जुन्या पद्धतीचे ट्यूनर बसवायला कन्व्हर्जन बुशिंग मिळतात. मी तरी वर चीर असलेल्या खुंटीचेच घेईन. तार खुंटीच्या पुढे दोनेक इंच ठेवून कापायची, टोक मधल्या छिद्रात खुपसायचं, वाकवून गुंडाळायची. बोटाला टोचणारं टोकच उरत नाही! गिअर १५:१ (कान १५ वेळा फिरवला की खुंटी एकदा फिरते) पुरे. १८:१ ने सूर थोडा अधिक बारकाईने लावता येतो, इतकंच. आणि सूर सरकला म्हणून ट्यूनरला शिव्या देण्याआधी मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या (तिलाही नटच म्हणतात) खाचा बघा, तार बरेचदा तिथेच अडकते.