चीज करू पाहणाऱ्या होतकरूस पत्र

प्रिय चिरंजीवास,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. नोकरी सोडावी, अंधेरीत किंवा वसईत एखादा गाळा भाड्याने घ्यावा आणि तेथे ब्री, कॅमेम्बेर अशी पांढऱ्या बुरशीची चीज करावीत, असा तुझा विचार आहे. त्यासाठी कोणता अभ्यासक्रम करावा आणि किती लिटरची टाकी घ्यावी, असे तू विचारले आहेस. दोन्ही प्रश्नांची उत्तरे देईन. परंतु एवढ्या मोठ्या पत्रात दुधाविषयी एकही प्रश्न नाही, हे मला खटकले. मुंबईत हा धंदा अडतो तो बहुधा दोन जागी: एक तर दुधात, नाही तर फळीवर पिकत पडलेल्या मालात गुंतलेल्या पैशात. टाकीचा प्रश्न त्यानंतर येतो.

हात बसेपर्यंत पिशवीचे दूध वापरायला हरकत नाही. मात्र ते होमोजिनाइज केलेले नसावे, कारण त्या प्रक्रियेत स्निग्धांशाचे गोळे इतके बारीक होतात की दही, म्हणजे चीजसाठी धरलेले दूध, ढिले लागते आणि कापताना मोडते. खोक्यातले टिकाऊ दूध इतक्या उच्च तापमानातून गेलेले असते की रेनेटला, म्हणजे चीजसाठी दूध घट्ट धरायला लावणाऱ्या द्रव्याला, ते जवळजवळ दादच देत नाही. धंदा करायचा असेल तर तबेला गाठण्याला पर्याय नाही. शहरातील गुरे बाहेर हलवण्यासाठी १९४९ साली गोरेगावला आरे वसाहत उभी राहिली. तिच्यात आणि उपनगरांतील इतर तबेल्यांत प्रामुख्याने म्हशीच असतात, त्यामुळे तुझ्या हाताशी सहज येणारे ताजे दूध हे म्हशीचे असेल, हे गृहीत धरूनच पुढचा विचार कर.

तबेल्यावर गेल्यावर पाणी घातले आहे का, हे सगळेच विचारतात. पाणी लॅक्टोमीटरवर (दुधाची घनता मोजणाऱ्या नळीवर) बहुधा उघडे पडते आणि त्याने चीजचा उतारा तेवढा घटतो. त्याहून वाईट म्हणजे सोड्याची भेसळ. उन्हाळ्यात दूध नासू नये म्हणून कॅनमध्ये खायचा सोडा टाकणारे लोक आहेत. असे दूध चवीला ठीक लागते, उकळले तरी फाटत नाही. परंतु विरजणातील जिवाणू जे आम्ल तयार करतात ते हा सोडा मारून टाकतो, आणि दोन तासांत जे व्हायला हवे ते पाच तासांतही होत नाही. जनावराला स्तनदाहावर दिलेल्या प्रतिजैविकाचा अंश दुधात उतरला असेल तर विरजणाचे जिवाणूच वाढत नाहीत. सोड्यासाठी रोझोलिक आम्लाची चाचणी असते, तिच्यात भेसळीचे दूध गुलाबी पडते. प्रतिजैविकांसाठी तयार पट्ट्या मिळतात. या दोन्ही चाचण्या दूध टाकीत ओतण्यापूर्वी कर, आणि नापास झालेला कॅन परत करण्याची मुभा पहिल्याच दिवशी बोलून घे. त्या बदल्यात तबेलेवाल्याला बाजारभावापेक्षा चार रुपये जास्त दे आणि पैसे वेळच्या वेळी दे. या धंद्यात इतका फायद्याचा दुसरा खर्च माझ्या पाहण्यात नाही.

आता म्हशीच्या दुधाविषयी. गाईच्या दुधात स्निग्धांश साधारण साडेतीन ते साडेचार टक्के असतो, म्हशीच्या दुधात सहा ते आठ. प्रथिने आणि कॅल्शियमही अधिक. त्यामुळे रेनेट घातल्यावर ते लवकर आणि घट्ट धरते, आणि त्याचे दही पाणी धरून ठेवण्यात कमी पडते. परदेशी पुस्तकांतील मापे गाईच्या दुधाची असतात. ती जशीच्या तशी म्हशीच्या दुधाला लावली की चीज कोरडे, रबरासारखे होते. रेनेट कमी करावे लागते, दही जरा मोठे कापावे लागते, तापमान उतरवावे लागते. एवढे करूनही म्हशीच्या दुधाचे चेडार कडक होते आणि पिकायला फार वेळ लावते. मोझरेलाचे मात्र तसे नाही. इटलीतील कांपानिया प्रांतातील नावाजलेले मोझरेला म्हशीच्याच दुधाचे असते. दुधाचा शुभ्र रंग आणि भरपूर स्निग्धांश तेथे गुण ठरतो. म्हणून तू ब्रीपासून नव्हे, मोझरेलापासून सुरुवात करावीस, असे माझे स्पष्ट मत आहे.

याला दुसरे कारण पैशाचे आहे. दहा लिटर गाईच्या दुधातून कडक चीज सुमारे एक किलो उतरते. ते गौडासारखे असेल आणि सहा महिने पिकवायचे असेल, तर आज दिलेले दुधाचे पैसे सहा महिने फळीवर बसून राहतात, आणि त्या काळात गाळ्याचे भाडे, थंड खोलीचे वीजबिल आणि रोज चीज उलटवणाऱ्या, पुसणाऱ्या माणसाचा पगार चालूच असतो. युरोपातील डोंगराळ खेड्यात तळघर वाडवडिलांचे असते आणि हवा फुकट थंड असते. आपल्याकडे दोन्ही दर महिन्याला विकत घ्यावे लागते. ताज्या मोझरेलाचे दूध मात्र सोमवारी घेतले तर माल बुधवारपर्यंत गिऱ्हाइकाच्या घरी असतो. आधी ताज्या चीजवर भाडे निघू दे. ते नियमित निघू लागले की महिन्याला जे थोडे शिल्लक राहील तेवढ्याच दुधाचे पिकवायचे चीज कर. अनेक हुशार मुले नेमका याचा उलटा क्रम धरतात, कारण पिकवलेल्या चीजला प्रतिष्ठा आहे.

मोझरेला सोपे आहे असे मात्र समजू नकोस. ताज्या दुधाचा पीएच (आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ६.६ ते ६.७ असतो, दही ५.२ च्या आसपास आले की गरम पाण्यात त्याला ताण सुटतो, लांबवता येते, चकाकी येते. त्याआधी ताणू गेले तर तुटते, आणि वेळ टळून गेली तर लगदा होतो. ही वेळ रोज वेगळी असते. डिसेंबरात दही लागायला रात्र पुरत नाही आणि मे महिन्यात ते दुपारीच आंबते, हे घरात विरजण लावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते; तोच हिशेब येथे मिनिटांवर येतो. म्हणून टाकीच्या आधी चांगला पीएच मीटर घे आणि वही घाल. दुधाचे तापमान, रेनेट घातल्याची वेळ, दही सुरीला स्वच्छ सुटल्याची वेळ, दर अर्ध्या तासाचा पीएच आणि त्या दिवशीची हवा हे सगळे लिहून ठेव. टाकीचे उत्तर असे की पन्नास लिटरच्या पुढे पहिल्या वर्षी जाऊ नये. अभ्यासक्रमाचे उत्तर असे की कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी प्रशिक्षणाची संधी मिळाली तर अवश्य घे, विशेषतः सूक्ष्मजीवशास्त्रासाठी. हाताचे काम मात्र तेथून आयते मिळणार नाही.

तुझ्या आवडत्या पांढऱ्या बुरशीविषयीही लिहितो, म्हणजे तू नाराज होणार नाहीस. कॅमेम्बेर पिकायला सुमारे १२ अंश तापमान आणि नव्वद टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते. मुंबईच्या पावसाळ्यात आर्द्रतेला तोटा नाही, असे वाटते. पण खोली थंड करणारे यंत्र हवेतील पाणी काढून टाकते, आणि बाहेर धो धो पाऊस पडत असताना आत चीजची साल सुकून भेगाळते. आर्द्रता पुन्हा आत सोडावी, तर तिच्याबरोबर नको ते येते. म्युकर नावाची करडी, केसाळ बुरशी एकदा फळ्यांवर बसली की लाकूड, चाळण्या, पंख्याची पाती सगळे धुऊन काढावे लागते. निळी बुरशी आणि पांढरी बुरशी एका खोलीत ठेवता येत नाहीत. हे जमत नाही असे नाही: मुंबईच्याच ‘द स्पॉटेड काऊ फ्रोमाजरी’ने ‘बॉम्ब्री’ आणि ‘कॅमेम्बे’ या नावांनी याच जातीची चीज केली आणि विकली. पण तो दुसरा टप्पा आहे.

तू पत्रात ‘पॅशन’ हा शब्द बऱ्याचदा वापरला आहेस. आवड हवीच, परंतु या कामात दिवसाचा मोठा भाग धुण्यात जातो. लिस्टेरिया नावाचा जिवाणू थंडीतही वाढतो, ओल्या फरशीत आणि मोरीत घर करतो, आणि मऊ चीजमधून गर्भवती स्त्रीपर्यंत पोचला तर गर्भ दगावू शकतो. त्यामुळे कच्च्या दुधाच्या चीजचे जे गुणगान तू वाचले आहेस ते तूर्त बाजूला ठेव. दूध ६३ अंशांवर ३० मिनिटे तापवून मगच वापर, थोडे कॅल्शियम क्लोराइड घाल म्हणजे दही पुन्हा नीट धरेल, आणि एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी हातात आल्याशिवाय ओळखीच्यांनाही पैसे घेऊन विकू नकोस.

रेनेटचेही येथे वेगळे पाहावे लागते. युरोपातील पारंपरिक रेनेट वासराच्या जठरातून येते. आपल्या कायद्याला प्राण्याचे रेनेट चालत नाही, आणि मुंबईतील जैन व इतर शाकाहारी गिऱ्हाईक हिरवा ठिपका पाहूनही पुन्हा विचारून खात्री करते. त्यांचा प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर तुला बाटलीवरील तपशिलासह देता आले पाहिजे. बुरशीपासून मिळणारे रेनेट ताज्या चीजला उत्तम. दीर्घ काळ पिकवायच्या चीजला ते कधीकधी कडवटपणा आणते, तेव्हा सूक्ष्मजीवांकडून किण्वनाने तयार करून घेतलेले कायमोसिन (वासराच्या रेनेटमधलेच दूध धरणारे द्रव्य) बरे पडते. बाकी रेनेटने दूध विरजणे या शहराला नवे नाही. पारशी घरांतले टोपलीतले मऊ पनीर लिंबाने फाडलेले नसते, रेनेटनेच धरलेले असते, आणि करंडीची नक्षी त्यावर उमटलेली असते. तुझ्या यादीत ते कुठेच नाही, याचे मला नवल वाटले.

निवळीचे, म्हणजे दह्यातून सुटणाऱ्या पाण्याचेही आधीच ठरव. दहा लिटर दुधामागे आठ-नऊ लिटर निवळ उरते आणि ती गटारात सोडणे म्हणजे शेजाऱ्यांशी आणि महापालिकेशी भांडण ओढवून घेणे. तिच्यातील साखर-प्रथिने कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवतात. ताजी, गोडसर निवळ ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवली तर थोडा रिकोटा (मऊ, ताजे चीज) निघतो. ती तासन्‌तास आटवली तर नॉर्वेचे तपकिरी ब्रुनोस्ट होते. मुंबईतच चीज करणाऱ्या ‘एलेफ्थेरिया’ला २०२१ च्या वर्ल्ड चीज अवॉर्ड्समध्ये रौप्यपदक मिळाले ते अशाच ब्रुनोस्टसाठी. हे आटवणे गॅस फार खाते, हे मात्र हिशेबात धर.

विक्रीविषयी थोडक्यात. हॉटेले मोठी मागणी नोंदवतात आणि पैसे दोन-दोन महिन्यांनी देतात. तबेलेवाला दर आठवड्याला मागतो. हे अंतर भरून काढण्याइतके भांडवल नसेल तोवर घरगुती गिऱ्हाईक धर, वांद्रे-खारपासून पार्ले-दादरपर्यंत. त्यांतील बहुतेकांची जीभ प्रक्रिया केलेल्या चीजच्या वडीवर वाढलेली आहे, त्याबद्दल नाक मुरडू नकोस. चव दाखव आणि किती दिवसांत संपवायचे ते वेष्टनावर मोठ्या अक्षरांत मराठीतही छाप. किंमत ठरवताना स्वतःची मजुरी धरायला विसरू नकोस; ती न धरता स्वस्त विकणारे स्वतःही दमतात आणि इतरांचाही भाव पाडतात.

तेव्हा राजीनामा आताच देऊ नकोस. एकच तबेला, एकच चीज, दर शनिवार-रविवारी दहा लिटर, आणि हा क्रम मे महिन्यात सुरू करून सप्टेंबरअखेरपर्यंत न मोडता चालव, म्हणजे उकाडा आणि पाऊस दोन्ही तुझ्या वहीत येतील. ती वही घेऊन ऑक्टोबरमध्ये माझ्याकडे ये. शनिवारी सकाळी सहापूर्वी पोच, कारण दूध तेव्हा येते. नखे कापलेली असावीत, अंगावर अत्तर नसावे आणि पायांत बंद गमबूट असावेत. आदल्या दिवशी घरी दही किंवा इडलीचे पीठ कालवले असेल तर कपडे बदलून ये.

तुझा हितचिंतक