शिरोली एमआयडीसीत बनवलेल्या व्हॉल्व्हमध्ये पाण्यासाठी ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या गोल कड्या) आहेत. ड्रिलिंगच्या ऑइल-बेस मडला (विहीर खोदताना फिरवतात त्या तेलाधारित द्रवाला) त्याच चालतील का?
नाही, बदला, डिझेलसारख्या तेलात ईपीडीएम फुगून मऊ पडतो, खाचेतून बाहेर येतो आणि पहिल्याच दाबाला कापला जातो. साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत नायट्राइल रबर, १५० पर्यंत एचएनबीआर (हायड्रोजनेटेड नायट्राइल) घ्या. एफकेएम (फ्लोरिनयुक्त रबर) २०० पर्यंत टिकतो म्हणून लोक डोळे झाकून तोच मागवतात, पण मडमध्ये अमाइनवालं गंजरोधक किंवा भरपूर चुना असेल तर तो कडक होऊन तडकतो. बेस ऑइलचा अ‍ॅनिलिन पॉइंटही (तेल अ‍ॅनिलिन या रसायनात पूर्ण मिसळण्याचं किमान तापमान) विचारून घ्या: जितका कमी, तितकं नायट्राइल जास्त फुगणार. खात्री हवी तर त्याच मडमध्ये, चालू तापमानाला रिंग ७० तास बुडवून आकारमान आणि शोअर ए (रबराचा कडकपणा) आधी-नंतर मोजा.